तासाला साठ माणसं

नर्सबाईंनी खिडकीतून अर्ज असा आत सरकवला, की पालिकेच्या इंजिनिअरसाहेबांच्या चहाचा कप जेमतेम वाचला.

"हा चौथा. पांढरे पट्टे आणि एक सिग्नल, एवढंच मागतेय."

"बाई, नियम आहे. तासाला किमान साठ माणसांनी रस्ता ओलांडायला हवा. तुमच्याकडे ओलांडतंय कोण?"

"ओलांडता येत नाही, म्हणून कोणी ओलांडत नाही."

"मग मोजणीत काय येतं ते बघू."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचे यजमान मास्तर. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, फिजिओथेरपीचा दवाखाना घरासमोर, रस्त्यापलीकडे. गॅलरीतून त्याची पाटी वाचता यायची आणि तिथं पोचायला गाडी करून पुलापर्यंत वळसा घालावा लागायचा.

गुरुवारी मोजणीवाली आली. तिशीतली मुलगी, मांडीवर तक्ता घेऊन घडीच्या स्टुलावर बसली. तासाभराने बाई खाली उतरल्या.

"किती झाले?"

"सात."

तेवढ्यात पिशवी घेतलेल्या एक आजी कडेला येऊन उभ्या राहिल्या. एक पाऊल टाकलं, मागे घेतलं. असं चार-पाचदा झालं आणि त्या आल्या वाटेने निघून गेल्या.

"यांना कुठे लिहिणार?"

"त्यांनी ओलांडला नाही ना, काकू. तसा रकाना नाही."

बाई तडक वर गेल्या. त्यांनी इमारतीतली दारं ठोठावली. बेकरीवाला आला, शिवणाच्या क्लासमधल्या बायका आल्या, तळमजल्यावरचे वकील कुरकुरत का होईना आले. सगळे जीव मुठीत धरून पलीकडे गेले आणि परत आले. मोजणीवालीने मान वर न करता रेघा ओढल्या.

"छप्पन्न," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली.

मागे काठीचा आवाज आला. मास्तर.

"अहो, तुम्ही वर जा."

"सगळी इमारत चालतेय आणि मी गॅलरीतून बघत बसू?"

बाईंनी दंड धरायच्या आत ते रस्त्यात उतरले होते. मध्यापर्यंत नीट गेले. मग डावीकडून ट्रक वळला, मास्तर थबकले, आणि गुडघ्याने दगा दिला. ते खाली बसले नाहीत, पण हलेनातही. हॉर्न वाजू लागले.

तक्ता डांबरावर आपटला. मोजणीवाली हात वर करून ट्रकच्या पुढ्यात उभी होती. ट्रक तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. तिने मास्तरांना खांद्याचा आधार दिला आणि एकेक पाऊल टाकत पलीकडे नेलं. बाई धावत मागोमाग गेल्या.

दवाखान्याच्या पायरीवर तिघं टेकली. बाईंनी सवयीने मुलीचं मनगट धरलं आणि नाडी पाहिली.

"आजची मोजणी बाद," ती म्हणाली. "मोजणाऱ्याने रस्त्यात उतरायचं नसतं. मला तसं लिहून द्यावं लागेल."

बाईंनी मनगट सोडलं. चार अर्ज, सहा महिने. साहेबांना ऐकवायचं ते सगळं त्यांच्या ओठांवर आलं, पण समोर ही पोर होती, घामाघूम झालेली. मास्तर खाली मान घालून गुडघा चोळत होते.

"म्हणजे पुन्हा कधी?" बाईंनी विचारलं.

"उद्या. मीच येईन." तिने रस्त्यात पडलेल्या तक्त्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, शेजारच्या इमारतीत कोणी ओळखीचं आहे का तुमच्या?"