थांबलेली थरथर

मी एक जुनी वरातीची घोडी आहे, मित्रांनो. पूर्णा आणि आसपासच्या गावांतले कितीतरी नवरदेव माझ्या पाठीवर बसून मांडवात गेले. त्यातले निम्मे तरी माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले असत. लोक माझ्यापुढे भिजवलेली हरभऱ्याची डाळ धरत, बायका कपाळाला कुंकू लावत. पुढे नवरदेव फुलांनी सजवलेल्या मोटारीतून येऊ लागले. माझं वय झालं, खायला मिळेनासं झालं आणि बरगड्या वर आल्या. एके दिवशी मालकाने मला चुडाव्याच्या स्टेशनाबाहेर सोडलं आणि तो निघून गेला.

तिथे मला कडूबाई भेटली. गाडीतून उतरून ती शेताकडे निघाली होती. माझी हाडं बघून ती थांबली. गळ्यातल्या तुटक्या दोरीला धरून तिने मला थेट शेतातल्या आखाड्यावर, त्यांच्या गुरांच्या गोठ्याकडे, नेलं.

तिचा नवरा बन्सीधर म्हशींना पाणी पाजत होता. "आता या वयात मला घोड्यावर बसवायलीस का?" तो म्हणाला. पण बोलता बोलता त्याने बादली आधी माझ्यापुढेच ठेवली.

हिवाळा आला. अंगावर मांस असलं की थंडी बाहेरच्या बाहेर राहते. माझ्या अंगावर ते नव्हतं, म्हणून लांब, दाट केस वाढले. गार वारा आला की ते उभे राहत आणि त्यांच्यात ऊब धरून राहत असे. मी दिसायला अस्वल झाले होते, पण सुखात होते.

बन्सीधरला मात्र ते बघवेना. म्हशी भादरण्यात गावात त्याचा हात कोणी धरत नसे. एका दुपारी त्याने हौसेने मलाही भादरलं. "नवरीवाणी दिसायलीस बघ," म्हणाला. मलाही जुने दिवस आठवले आणि मी मान ताठ केली.

संध्याकाळी वारा सुटला आणि मी थरथरू लागले. थरथरण्यानेही अंगात ऊब येते, मित्रांनो, पण त्याला अंगात जळण लागतं. माझ्याकडचं जळण संपत आलं होतं. सकाळी धुकं पडलं, तेव्हा माझी थरथर थांबली.

"थांबली बघ," बन्सीधर समाधानाने म्हणाला. "सोसली तिनं थंडी."

सोसली कुठली! थरथरण्याइतकंही बळ माझ्यात उरलं नव्हतं, आणि हे सांगणार कसं? कडूबाईने जवळ येऊन माझा कान हातात धरला.

"आवो, ही गार पडायलीय," ती म्हणाली आणि तिने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना, राजेश्रीताईंना, फोन लावला.

ताईंनी येऊन माझं अंग तपासलं. "मावशी, थरथर थांबली हेच वाईट हाय," त्या म्हणाल्या. "वाऱ्याला आडोसा करा. कोरडं पांघरूण घाला, कोमट पाणी पाजा. दाणा एकदम देऊ नका, पोट दुखंल. कडबा बारीक करून थोडा थोडा देत ऱ्हावा. तो पचताना पोटात चूल पेटल्यावाणी ऊब येती."

बन्सीधरने आपली घोंगडी काढून माझ्या पाठीवर टाकली, वाऱ्याच्या बाजूला पोती बांधली आणि माझे पाय चोळत बसला. "मला कळलं न्हाई गं, माय," तो पुटपुटला. त्याने जे केलं ते मायेनेच केलं होतं, हे मला ठाऊक होतं. कडूबाई मुठीमुठीने कडबा चारत होती. मला भूक नव्हती, पण तिच्याकडे बघून मी चावत राहिले.

दुपार कलली आणि माझ्या खांद्यात एक कापरं सुटलं. मग दुसरं. मग सगळं अंग हलू लागलं.

"थरथरायली," बन्सीधर म्हणाला आणि म्हातारा लेकरासारखा रडला. कडूबाई हसत होती, रडतही होती. माझ्या वरातींना केवढे बँड वाजले, पण माझ्यासाठी असा आनंद कोणी केला नव्हता.

आता माझे केस परत आलेत, बरगड्यांवर थोडं मांसही चढलंय. या दोघांचे उपकार मी विसरणार नाही. मित्रांनो, हिवाळ्यात तुमच्या दारचं वासरू, शेळी किंवा कुत्रं गप्प उभं दिसलं, तर ते सुखात आहे असं समजून पुढे जाऊ नका. जवळ जा आणि एकदा त्याच्या कानाला हात लावून बघा. गार पडलेल्या जिवात हाक मारायचंही बळ उरत नाही.