यंदाचा आजार

"सर, या सालले माले दुसरा आजार द्या," कुंदाबाई म्हणाली.

हेमराज सरांनी चहाचा कप बशीत ठेवला. ते मानसशास्त्र विभागाचे प्रमुख. परीक्षेच्या आठवड्यात ते तिला 'तुम्ही' म्हणत. एरवी 'ए बाई' एवढ्यावर भागत असे.

"दुसरा म्हणजे?"

"मागल्या साली व्हता तो. हात धुवाना. नही ते संशयना द्या. उदासना नको."

"अहो, मुलींनी डिप्रेशनचीच तयारी केलीय. एक्स्टर्नललाही तेच लागतं. आणि तुम्हाला तर सगळं पाठ आहे. झोप नाही, भूक नाही, कशात मन लागत नाही, नवरा वारला. त्यात नवीन काय आहे?"

झाडू हातात धरून ती दारात उभी राहिली. का नको, एवढं तरी ते विचारतील असं तिला वाटलं. त्या दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पितळी पाटी होती. दर सोमवारी ती पाटी तीच घासायची.

सरांनी कप पुन्हा उचलला. "आणि साडी जरा साधी नेसा. मागच्या वेळी पेशंट लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता."

कुंदाबाई मूळची साक्रीकडची. जळगावात येऊन झाडलोटीला लागली त्याला बरीच वर्षं झाली होती. पेशंट ती अपघातानंच झाली. एका वर्षी प्रॅक्टिकलसाठी सांगून ठेवलेल्या माणसाला त्याचे नातेवाईक सकाळीच गावी घेऊन गेले. धुळ्याहून परीक्षक येऊन बसलेले. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, समोर कुंदाबाई फरशी पुसत होती. "हात पूस आणि त्या खुर्चीत बस. विचारतील त्याला हो म्हण," ते म्हणाले. ती बसली आणि हो म्हणत राहिली. परीक्षक खूश झाले. तेव्हापासून खरा पेशंट शोधायची दगदग विभागानं सोडून दिली.

अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत पुष्कळ काही लिहिलं होतं. दोन वर्षं विद्यार्थ्यांनी रुग्णांजवळ बसायचं, ऐकायचं, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली हळूहळू शिकायचं, वगैरे. प्रत्यक्षात वर्षाच्या सुरुवातीला एकदा सगळ्या मुली पांढरे कोट घालून सरकारी दवाखान्यात जात. फाटकापाशी फोटो काढला जाई आणि सगळे ज्यूस पिऊन परत येत. पुढचं सगळं घरी बसून लिहायचं. जुन्या मुलींच्या फायली नव्या मुलींकडे जात. त्या फायलींमधला रुग्ण कधी पस्तिशीच्या पुढे गेला नाही. इकडे कुंदाबाईचे केस पांढरे झाले, पण त्याचं वय काही हललं नाही. ह्या शिक्षणाच्या शेवटी मुलींना पदवी मिळे, आणि पदवी घेऊन त्या लोकांच्या मनावर इलाज करायला मोकळ्या होत.

कुंदाबाईला त्यांचा राग येत नसे. राग यायला समोर कोणीतरी असावं लागतं. ह्या पोरी समोरच्या कागदावरून डोळे उचलत नसत. तिनं एकदा गंमत म्हणून भुकेच्या प्रश्नाला झोपेचं उत्तर दिलं, तर पोरीनं ते झोपेच्या रकान्यात लिहून घेतलं आणि पुढे भुकेचं विचारलंच नाही. सरांबद्दल तर तिचं मत ह्याहून वाईट होतं. कोणत्या तरी अनुदानातून त्यांनी पेशंटसाठी म्हणून एक लांब कोच घेतला होता. दुपारच्या जेवणानंतर त्यावर ते स्वतःच झोपत, घोरत.

यंदा मात्र तिला उदासीचा आजार नको होता, कारण यंदा तो तिला झाला होता.

सुंदरबाई तिची थोरली बहीण. दोघींना नवऱ्यांनी आपापल्या तऱ्हेनं सोडलं होतं. कुंदाबाईचा कामासाठी सुरतेला गेला आणि तिकडच्या एका बाईचा झाला. सुंदरबाईचा घरातच राहिला, पण दारूचा झाला. मग तीच एक दिवस गाठोडं घेऊन बहिणीकडे जळगावला आली, ती राहिलीच. डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायची. स्वभावानं तापट, पण हसायला लागली की शेजारचे भिंत ठोकायचे.

श्रावणात एका दुपारी मिलमध्येच तिच्या छातीत कळ आली. बायांनी तिला रिक्षात घातलं आणि कुंदाबाईला निरोप धाडला. त्या दिवशी विभागात तपासणीची समिती आलेली होती. सर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "एवढे चहाचे कप उचल आणि मग जा. समितीसमोर धावपळ नको." तिनं कप उचलले. विसळूनही ठेवले. ती दवाखान्यात पोचली तेव्हा सुंदरबाईच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

तेरावं करून ती कामावर आली तेव्हा सर "अरेरे" म्हणाले, आणि त्याच श्वासात खिडक्यांच्या काचांचं विचारलं.

तेव्हापासून तिला पहाटे जाग यायची. जाग आली की छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. भाकरीचा घास तोंडात फिरत राहायचा. हे सगळं ती सरांच्या परीक्षेत कितीदा म्हणून दाखवत आली होती. तेव्हा तिला ठाऊक नव्हतं की असं खरोखर असतं.

परीक्षेला धुळ्याचे शालिग्राम सर आले होते. जाड, हसरा माणूस. आल्या आल्या त्यांनी वांग्याच्या भरताची चौकशी केली. हेमराज सरांनी भरीत-पुरीची व्यवस्था आधीच केली होती, वांगी थेट बामणोदहून मागवली होती. त्यामुळे परीक्षा जेवणाआधी उरकायची हे दोघांच्या न बोलता लक्षात आलं.

पहिला नंबर ऋतिकाचा लागला. रावेरकडच्या केळीवाल्यांची पोर, वर्गात पहिली. पुण्यात क्लिनिक काढायचं तिचं ठरलेलं होतं. पोर वाईट नव्हती. जाता-येता 'मावशी' म्हणायची, दिवाळीला फराळ द्यायची. पण तिनं सहानुभूतीसुद्धा पाठ केली होती. पेशंट काही बोलला की ती मान थोडी डावीकडे झुकवायची आणि म्हणायची, "समजू शकते मी."

कुंदाबाई खुर्चीत बसली. समोर ऋतिका, तिच्या मांडीवर प्रश्नांचा कागद. बाजूच्या टेबलाशी दोन्ही सर. शालिग्राम सर मोबाइलवर काहीतरी वाचत होते.

"झोप कशी आहे?" ऋतिकानं विचारलं.

"झोप लागत नाही. पहाटे जाग येते." परीक्षेत ती शुद्ध बोलायची, तसं तिला शिकवलं होतं.

बोलली आणि तिला कसंसंच झालं. तोच सूर, तीच वाक्यं, 'पहाटे'वर तोच हेल. आज ती खरं बोलली होती आणि खरं बोलणं अगदी आजवरच्या नाटकासारखं ऐकू आलं होतं. स्वतःच्या दुःखासाठी तिच्याकडे दुसरे शब्दच उरले नव्हते. होते ते ह्या लोकांसाठी वापरून झिजून गेले होते.

"समजू शकते मी," मान डावीकडे. "भूक?"

"लागत नाही."

"समजू शकते मी. जवळचं कोणी वारलंय का?"

इथं 'नवरा' म्हणायचं होतं. ऋतिकानं कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग पुढे वाकून हळूच म्हणाली, "मावशी, नवरा."

"नवराले काय व्हयनं शे?" कुंदाबाई मोठ्यानं म्हणाली. "तो सुरतमा मजा मारी ऱ्हायना. मनी बहीण मरी गयी. थोरली बहीण. श्रावणमा."

शालिग्राम सरांनी मोबाइल खाली ठेवला. "वा! अहिराणी! कुठून आणलात पेशंट?"

"खास आपल्यासाठी," हेमराज सर हसले.

कुंदाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. श्रावणातल्या त्या दिवसाची एखादी रेघ तरी चेहऱ्यावर उमटते का, हे ती शोधत होती. चेहरा स्वच्छ होता. ते खरोखरच विसरले होते. तिला एकदम त्या माणसाची किळस आली; ताटात केस निघाल्यावर येते तशी.

"समजू शकते मी," ऋतिका म्हणाली.

"काय समजनं तुले?"

ऋतिकाची मान वाकडीच राहिली.

"सांग ना. घडीघडी सांगस, समजू शकस, समजू शकस. काय समजनं तुले? तिनं नाव काय व्हतं, ते तरी इचारं का तू?"

ऋतिकाचे कान लाल झाले. नाव विचारायचा प्रश्न कागदावर नव्हता. हेमराज सर खाकरले. शालिग्राम सरांनी मात्र मान डोलावली आणि म्हणाले, "चिडलेला पेशंट. होतं असं, होतं. गडबडून जायचं नाही बेटा. पुढचा प्रश्न घे."

ऋतिकानं पुढचा प्रश्न घेतला. तिनं तो शब्दन् शब्द वाचला. "जीव नकोसा वाटतो का? मरणाचे विचार येतात का?"

मागल्या आठवड्यात कुंदाबाई घराजवळच्या रुळांशी जाऊन उभी राहिली होती. मालगाडी येत होती. पलीकडच्या गँगमननं शिव्या घालून तिला मागं हाकललं होतं. हे तिनं अजून कोणाला सांगितलं नव्हतं. आता कोणीतरी विचारत होतं. तिनं समोर पाहिलं. एक घाबरलेली पोर हातात पेन धरून खूण करायला थांबली होती, आणि तिच्या मागं दोन माणसं घड्याळाकडे बघत होती.

"नही," ती म्हणाली.

ऋतिकानं सुटकेचा श्वास सोडून खूण केली.

बाकीच्या मुलींच्या वेळी कुंदाबाई पुन्हा शुद्ध बोलली, नवऱ्याला मारलं, वेळच्या वेळी डोळ्यांना पदर लावला. सगळं सुरळीत पार पडलं. दुपारी भरताचा वास जिन्यापर्यंत आला.

ती उष्टी पानं उचलत होती तेव्हा ऋतिका पेढे घेऊन आली. सर्वांत जास्त मार्क तिलाच पडले होते. एक्स्टर्नल म्हणाले होते, कठीण पेशंट छान हाताळला.

"मावशी, बहिणीचं ते काय सुचलं तुम्हाला! मी तर घाबरलेच." ती हसली. मग हसू थोडं मावळलं. "मावशी, ते खरं नव्हतं ना?"

कुंदाबाईनं हातातली पानं खाली ठेवली. दोन वर्षांत ह्या पोरीनं कागदाशिवाय विचारलेला हा पहिला प्रश्न होता. क्षणभर तिला वाटलं, सांगावं. पण पोरीच्या डोळ्यांत उत्तर ऐकायची तयारी दिसत नव्हती. 'हो' आलं तर पेढ्यांचा बॉक्स हातात घेऊन आपण काय करायचं, ही भीती तेवढी दिसत होती.

"नही वं," ती म्हणाली. "अशीच बोलनू मी."

ऋतिकाचा चेहरा उजळला. "किती छान करता तुम्ही!" असं म्हणून तिनं दोन पेढे तिच्या हातावर ठेवले आणि ती निघून गेली. कुंदाबाईनं पेढे उष्ट्या पानांत टाकले.

संध्याकाळी ती पायी घरी निघाली. चालता चालता तिच्या मनात नकला जुळायला लागल्या. 'होतं असं, होतं बेटा' म्हणणारे शालिग्राम सर, त्यांच्या मिशीला लागलेलं भरीत, ऋतिकाची अडकून बसलेली मान. दर वर्षी परीक्षेच्या संध्याकाळी असंच व्हायचं. घरी गेलं की ती सुंदरबाईसमोर अख्खी परीक्षा करून दाखवायची, आणि सुंदरबाई पोट धरून ओरडायची, "पुरं कर वं, मरसू मी!" यंदाची परीक्षा आजवरच्या सगळ्यांत भारी झाली होती. कुलपाला किल्ली लावेपर्यंत तिच्या तोंडात पहिलं वाक्य तयार होतं. दार उघडल्यावर तिनं ते गिळलं.

सोमवारी ती कामावर गेली नाही. हेमराज सरांचा फोन आला तो तिनं उचलला नाही. ती सरकारी दवाखान्यात गेली, केसपेपर काढला आणि विचारत विचारत मनाच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर रांगेत बसली. इथं यायला तिला लाज वाटत नव्हती. तिला फक्त एवढंच कळत नव्हतं की सांगायचं कसं. 'झोप लागत नाही' हे वाक्य तिला आता तोंडातही नको होतं. रांगेत बसल्या बसल्या तिनं चार-दोन वाक्यं जुळवली, आणि तीही टाकून दिली.

नंबर आला. टेबलामागं एक तरुण डॉक्टर होता, दाढी वाढलेली, डोळे दमलेले. कुंदाबाई समोर बसली आणि त्याच्या मानेकडे बघत राहिली. मान सरळ होती. त्यानं केसपेपरवरचं तिचं नाव वाचलं आणि वर पाहिलं.

"कुंदाबाई, सोबत कोण आलंय तुमच्या?"

ती सवयीनं मागं वळली. दारात दुसऱ्याच कुणाची तरी माणसं उभी होती, आपला नंबर कधी लागतो म्हणून आत डोकावत होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं हळूहळू मान पुढे वळवली आणि पदर खांद्यावर नीट घेतला.

"कोणी नही," ती म्हणाली.

डॉक्टर पेन हातात धरून थांबला. ती पुढे काही बोलेल म्हणून तो वाट बघत होता.