धुमेची कणीक

या, अशा जवळ बसा. टाळ मांडीवर ठेवा, उगाच किणकिण नको. बुवा चहा घेतायत, पखवाजाला ताजी कणीक लागतेय, तेवढ्यात एक गोष्ट सांगते. पखवाजाचीच आहे, पण देवळातल्या नव्हे, तुरुंगातल्या. कुठल्या तुरुंगातल्या ते विचारू नका.

आमच्या शहापुरात अनिता राहते, मूळची धसईची. तुरुंगात वरिष्ठ कार्यक्रम अधिकारी आहे. शिवणवर्ग, लिहिण्यावाचण्याचे वर्ग, भजन, सगळं तिच्या हाताखाली. कोणी कुठल्या वर्गात बसायचं ते ती ठरवते आणि सुटकेआधी कैद्याबद्दल तिचाही अभिप्राय लागतो. अशा नोकरीत माणूस प्रत्येकाच्या हाताकडे बघायला शिकतो. पण ही लहानपणापासून धसईच्या सप्त्यात वडिलांच्या मांडीवर कीर्तन ऐकलेली, त्यामुळे तिचा कानही जागा.

तुरुंगातल्या भजनात पखवाज वाजवायचा कमळू, टोकावड्याकडचा. बांधाच्या भांडणात त्याच्या हातून भावकीतला माणूस गेला, त्याची शिक्षा भोगत होता. वागणूक चांगली म्हणून लवकर सुटका व्हायची होती, फक्त अनिताचा अभिप्राय बाकी होता. आता, पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे ती घुमते. म्हणून दर भजनाला स्वयंपाकघरातून कमळूला कणकेचा उंडा मिळायचा.

एका गुरुवारी अनिताला वाटलं, धूम पोकळ वाजतेय. पुढच्या गुरुवारीही तेच. तिनं कमळूला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, वादी ढिली झालीय. तो गेल्यावर तिनं वादी, म्हणजे पखवाज ताणून धरणारी चामड्याची पट्टी, ओढून पाहिली, तर ती तारेसारखी ताठ. म्हणजे हा माणूस खोटं बोलला. धुमेवर कणकेचा डागही लहानच, आणि स्वयंपाकघरातून तर कणीक पूर्ण जात होती. मग धुमेवर अर्धीच का?

तिनं पाळत ठेवली. भजन संपल्यावर कमळूनं काहीतरी पंच्याच्या टोकात बांधलं आणि कमरेला खोचलं. मधे एके दिवशी शिवणवर्गाच्या दारात भेटला, तेव्हा त्याच्या नखांत पांढरं दिसलं. त्यानं हात मागे घेतला.

तुरुंगाधिकारी शेखरसाहेबांच्या कानावर तिनं हे घातलं. ते आधी हसले, तुमच्या भजनात पोळ्या लाटतात की काय, म्हणाले. मग त्यांचं हसू थांबलं.

"मॅडम, ओल्या कणकेवर किल्लीचा ठसा फार सुरेख उठतो. आणि एकादशीला कीर्तनाला बाहेरची माणसं येणार आहेत."

बाहेरून बुवा बोलावण्याची कल्पना अनिताचीच होती. त्या दिवसापासून तिला सगळंच वेगळं दिसायला लागलं. कमळूचं नमस्कार करणं, लवकर येऊन सतरंजी अंथरणं, चावीवाल्या शिपायाशी दोन शब्द बोलणं. त्याच्याच बराकीतला वाळूही तिला खटकायला लागला. जेवणाच्या रांगेत तांब्या फेकून दुसऱ्याचं कपाळ फोडणारा हा तिशीतला तापट गडी. अनितानंच त्याला सगळ्या कार्यक्रमांतून बंद केला होता. तो हल्ली एकदम शांत झाला होता. का?

मग शिपायानं येऊन सांगितलं, दुपारी कैदी कोंडलेले असताना त्या बराकीतून धप्, धप् असा दबका आवाज येतो.

शेखरसाहेब म्हणाले, भिंत खणतायत, भोक कणकेनं बुजवत असतील. अनितानं सुटकेचा कागद टेबलावरून उचलून खणात टाकला.

दुसऱ्या दुपारी साहेब, ती आणि चार शिपाई पाय न वाजवता बराकीशी गेले. आवाज येत होता. धप्, धप्, मधे थांबून पुन्हा धप्. साहेबांनी खूण केली, कुलूप निघालं, दार ढकललं.

वाळू भिंतीशी बसला होता. मांडीवर चुनकामाची रिकामी बादली आडवी, तिच्या बुडावर कणीक थापलेली. समोर कमळू आपल्याच मांडीवर हात मारत हळू बोल सांगत होता, धा दीं ता. शिपायांनी भिंत चाचपली, बिछाने उलटे केले. काहीच निघालं नाही.

अनितानं विचारलं, "वादी ढिली आहे म्हणालात ना?"

"खोटं बोललो मॅडम. अर्धी कणीक याला आणत होतो. मी सुटलो की पखवाज खुंटीला लागंल. आत दुसऱ्या कुणाला येत नाय."

"याला कार्यक्रमबंदी आहे, ठाऊक होतं?"

"व्हतं की. पन तो कुठं गेला? तो त्याच्या जागेवरच बसलाय. नियम मोडला तो मी."

शेखरसाहेब काही दुष्ट नव्हेत. त्यांनी कमळूला बाजूला घेऊन वाट दाखवली. वाळूनं धमकावलं म्हणून कणीक आणली एवढं सांग, तुझी सुटका अडणार नाही.

वाळूच्या कानावर ते पडलं, त्यानं मान खाली घातली. त्याला वाटलं, आता हा तसंच म्हणणार.

"त्यानं काय बी सांगितलं नाय, साहेब," कमळू म्हणाला. "तांब्या फेकनारा हात हाय, जोर हाय, तो कुठंतरी लावावा म्हनून मीच बसवला त्याला."

अनितानं जे घडलं तेच वर कळवलं, आणि सुटका अडवू नये अशी आपली शिफारसही जोडली. वरून उत्तर आलं की कमळूला कार्यक्रमबंदी आणि सुटका पुढच्या बैठकीपर्यंत लांबणीवर. तिनं पुष्कळ रदबदली केली, चाललं नाही. तिच्या हातात एकच होतं, वाळूची बंदी उठवणं. ती तिनं उठवली.

एकादशीला वाळू पखवाजावर बसला. धुमेला अख्खा उंडा लागला होता. कमळू बंद बराकीत भिंतीला कान लावून होता. दुसऱ्या दिवशी अनिता त्याच्याकडे गेली. तोच आधी बोलला, "डावा हात जरा घाई करतोय मॅडम. पन घुमली हो."

भातं कापून झाल्यावर कमळू सुटला. तो बघा, खांबाशी बसून धुमेला कणीक थापतोय तोच. तो हे स्वतः सगळ्यांना सांगतो, म्हणून मीही सांगितलं. वाळू अजून आतच आहे. त्याला भेटायला कुणी जात नाही, माघारी कुणी उरलंच नाही. दर गुरुवारी वाजवतो, अनिता सांगते.

चला, बुवा उठले. आता गजर सुरू होईल. धूम घुमली की बायांनो, बापांनो, देवाच्या नावासोबत मनातल्या मनात एकदा वाळूचंही नाव घ्या.