हलका चाप

काटोलचे बाबनराव वाकळेत गुंडाळलेली रायफल खांद्यावर टाकून लकडगंजात नत्थूजींच्या दुकानी आले, तेव्हा नत्थूजी एका बंदुकीच्या अक्रोडाच्या दस्त्यावर तेलाचा हात फिरवत बसले होते. सत्तावन्न सालची दिवाळी होऊन आठवडा झाला होता.

"हिले पाहा बरं नत्थूजी," बाबनराव टेकत म्हणाले. "परवा संत्र्याच्या बागेत डुकरं शिरली म्हणून काडतूस भरलं, बोल्ट सरकवला, तर चापाले बोट लावायच्या आधीच वाजली. गोठ्याच्या टिनाले हे एवढं भोक. बैल दावं तोडून पयाले."

"कोणाले लागलं नाही नं?"

"नाही गा. पण घरचे म्हणते, माह्याच हातून चूक झाली. मलेही तसंच वाटून राहिलं."

नत्थूजींनी पेचकस घेतला. त्यांनी रायफल खोलली. चापाच्या आत बोटाच्या पेराएवढा एक पोलादी खटका असतो. बंदुकीची सुई त्याच्याच धारेवर अडलेली असते. चाप ओढला की तो सरकतो आणि बार उडतो. नत्थूजींनी खटका उजेडात धरून भिंगाखाली पाहिला. काटकोनात हवी ती धार गोल झाली होती, चोखलेल्या खडीसाखरेसारखी.

"ठेवून जा," ते म्हणाले. "पाहतो."

"काय झालं असंल?"

"पाहतो म्हटलं नं."

बाबनराव पोचपावती घेऊन बस पकडायला गेले. दुकानात रंध्याचा भुसा होता, तेलाचा वास होता, सगळं रोजच्यासारखं होतं. नत्थूजींना मात्र बसवेना. झालं काय हे त्यांना खटका पाहताच कळलं होतं.

नत्थूजी उमरेडच्या कोष्ट्यांचे. बापाचा हातमाग सोडून पोरवयात कामठीच्या छावणीत बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या आर्मररच्या हाताखाली लागले, मग वीस वर्षं एका गोऱ्या साहेबाच्या बंदुकांच्या दुकानात राबले. साहेब मायदेशी गेला आणि अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात नत्थूजींनी स्वतःच्या नावाच्या पहिल्या तीन रायफली बांधल्या. नळी आणि बोल्ट बाहेरून आलेले, बाकी सगळं हातचं. पहिली धंतोलीचे वकील श्रीधरपंत यांची. त्यांनी कुठेतरी एक विलायती रायफल चालवली होती. "इतका हलका चाप आपल्याकडे नाही कुणाला जमायचा," असं ते सहज म्हणून गेले. नत्थूजींना ते लागलं. त्यांनी खटका दगडावर घासला, पुन्हा घासला, चाप फुंकरीने हलेल इतका हलका केला. मग बाबनरावांना तसाच पाहिजे झाला, आणि कुहीच्या चंपतरावांनाही. पण त्या खटक्याला वरून भाकरीच्या पापुद्र्याएवढंच कडक पोलाद असतं. पापुद्रा घासला गेला की आतलं मऊ लोखंड उघडं पडतं आणि वर्षानुवर्षं गुपचूप झिजत राहतं. हे नत्थूजींना तेव्हाही ठाऊक होतं. आपला हात थांबायच्या जागी थांबला, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

त्या रात्री ते जेवताना दोनदा उठले. "काय हुडकून राहिले?" बायकोने, रुख्माबाईंनी विचारलं. ते परत पाटावर येऊन बसले.

सकाळी सायकल काढून ते धंतोलीला गेले. श्रीधरपंत कोर्टात जायच्या तयारीत होते. नत्थूजींना पाहून त्यांनी कोट काढून ठेवला.

"उत्तरा, चहा टाक. आमचे कारागीर आलेत," त्यांनी बायकोला सांगितलं. मग आपणहून रायफल काढून मांडीवर घेतली. "आठवतं नत्थूजी? दस्त्याचं माप घ्यायला तुम्ही मला भर मे महिन्यात काळ्या कोटात उभं केलं होतंत. मी म्हटलं, कोर्टात थोडीच बंदूक चालवायची आहे?"

"तुमी थंडीतच शिकारीले जात होते. जाड कोटावर दस्ता अर्धा इंच आखूड लागते."

"आणि ती अक्रोडाची फळी मला सोळा वेळा दाखवलीत."

"चार वेळा."

"मला सोळा वाटल्या." श्रीधरपंत हसले. त्यांनी दस्त्यावरच्या रेघांवरून अंगठा फिरवला. "पण खरी कमाल चापाची. मी सगळ्यांना सांगतो, नत्थूजींचा चाप ओढावा लागत नाही, नुसतं मनात आणावं लागतं."

एरवी या वाक्यावर नत्थूजी आठवडाभर खुशीत राहिले असते. आज चहा न पिताच त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि रायफल मागून घेतली. रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट सरकवला, दस्ता तळहाताने ठोकला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आतून खट् असा आवाज आला. चापाला बोट लागलं नव्हतं.

"हे काय?" श्रीधरपंतांनी विचारलं.

"तेल वाळलं आतमध्ये. घेऊन जातो, साफ करून आणतो."

"नत्थूजी, मी तीस वर्षं साक्षीदार तपासतोय. तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

मग नत्थूजींनी सांगितलं. दगड, पापुद्रा, तीन रायफली, बाबनरावांचा गोठा. बोलताना ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, उठून जायला निघाल्यासारखे. उत्तराबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"दर महिन्याला मीच पुसून ठेवते ती," त्या म्हणाल्या. "घरात भरलेली नसते हो."

"नसते, असं आपण समजतो," श्रीधरपंत म्हणाले. "बाबनरावांना खरं सांगितलंत?"

"नाही."

"का?"

नत्थूजींनी गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

"आणि तिसरी चंपतरावांकडे. धान कापणीला आलंय, डुकरं राखायला तो रोज बांधावर असेल. तुम्ही इथे कशाला बसलात?"

श्रीधरपंतांची रायफल दुकानात ठेवून नत्थूजी कुहीच्या बसला आले, तर ती तासभर उशिरा सुटली. वाटेत ड्रायव्हरने दोनदा गाडी थांबवून इंजिनात पाणी ओतलं, आणि दोन्ही वेळा नत्थूजी खाली उतरून सडकेवर येरझारा घालत राहिले. सोबतच्या एका बाईने विचारलं, "बिमार आहे का कोणी घरी?" नत्थूजींनी मान हलवली. ती हो होती की नाही, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

चंपतराव एकेकाळचे मालगुजार, म्हणजे गावचे जमीनदार. मालगुजारी जाऊन सहा वर्षं झाली होती. आता घरची धानाची शेती तेवढी उरली होती. त्यांची सून चंद्रकला अंगणात धान पाखडत होती. "मामाजी बांधावर गेले," ती म्हणाली. "बंदूक घेऊन."

नत्थूजी बांधांवरून जवळजवळ धावतच निघाले. धानाचा पिवळा रंग डोळ्यांत भरत होता, चप्पल चिखलात रुतत होती. दूरवर चंपतराव दिसले, खांद्याला रायफल, चालताना डाव्या पायाने किंचित लंगडत. लंगडणं नवीन होतं.

"कापणीच्या दिवसात इकडं कुठं गा नत्थूजी?"

"आधी बंदूक खाली करा."

चंपतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बोल्ट उघडून दाखवला. आत काडतूस नव्हतं. "मी भरत नाही. डुकरायले भेव दाखवाले खांद्यावर ठेवतो. दोन वर्षं झाली."

नत्थूजी बांधावरच बसले. श्रीधरपंतांनी त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं. इथे त्यांनी न विचारता सगळं सांगितलं. आपल्याला तेव्हाच माहीत होतं, हेही सांगितलं. धंतोलीत ते तेवढं राहिलं होतं.

चंपतराव उभेच होते. मग तेही बसले आणि त्यांनी डावा जोडा काढला. पायाची शेवटची दोन बोटं नव्हती.

"घरी सांगितलं, पायावरून बंडीचं चाक गेलं म्हणून," ते म्हणाले. "झाडाले टेकवत होतो तिले. बोट चापावर नव्हतं, मले पक्कं माहीत होतं. मग महिन्याभरानं वाटाले लागलं, असंल. मग वाटलं, होतंच. म्हटलं चंपतराव, हात गेले तुये. शिकारीले जाणं सोडलं. मालगुजारी गेली तेव्हा एवढा म्हातारा नाही झालो, जेवढा त्या दिवशी झालो."

"मले काहून नाही सांगितलं?"

"कोणत्या तोंडानं सांगू? तुमी तिच्यापायी सगळा उन्हाळा बसले होते. तुमच्या बंदुकीत खोट असंल हे डोक्यातच नाही आलं."

नत्थूजींना वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी चंपतरावांच्या पायाकडे हात नेला, पण चंपतरावांनी पाय मागे घेतला, जोडा घातला आणि ते उठले.

"दोन वर्षं गा, नत्थूजी," ते म्हणाले आणि रायफल तिथेच ठेवून बांधाने निघून गेले. शेताच्या टोकाला जाऊन पाठमोरे उभे राहिले. नत्थूजी वाट पाहत राहिले. जावं की थांबावं, कळेना. बऱ्याच वेळाने चंपतराव परत आले. चेहरा लाल होता.

"घेऊन जा. परत आणून देऊ नका. मी येईन तेव्हा येईन."

नत्थूजींनी तीन नवे खटके केले, पोलादाला पाणी पाजून कडक केलं, चाप चांगले जड ठेवले. काटोलला ते स्वतः गेले. बाबनरावांनी ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "त्याच दिवशी काहून नाही सांगितलं? मी गावभर सांगत फिरलो का चूक माहीच होती."

"भेलो," नत्थूजी म्हणाले. बाबनरावांनी चहा दिला, पण दारापर्यंत सोडायला आले नाहीत.

पौषात चंपतराव दुकानी आले. रिकाम्या रायफलीचा चाप त्यांनी दोन-तीनदा ओढून पाहिला.

"जड केला."

"हो. हलका नाही करत आता."

"मी कुठं म्हटलं हलका करा म्हणून?" त्यांनी स्टूल ओढून घेतलं. "पोराले सांगितलं पायाचं. खरं काय ते. त्याले आधी पटलं नाही, मग रडला." रायफल मांडीवर घेऊन ते तासभर बसले. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात याच दुकानात ते रोज यायचे, दस्त्यावर हात फिरवून आज किती झालं ते पाहायचे. त्याबद्दल ते बोलले आणि नत्थूजींनीही बोलू दिलं. निघताना त्यांनी माफ केलं असं काही म्हटलं नाही.

ते गेल्यावर नत्थूजींनी पुन्हा पोस्टकार्डं पुढे घेतली. साहेबाच्या दुकानात असतानाही त्यांनी आणखी चौदा चाप हलके केले होते, एवढे नाही, पण केले होते. कोणाचा किती घासला, हे आता आठवत नव्हतं. चौदाही मालकांना त्यांनी लिहिलं होतं, की रायफल भरू नका, दाखवायला आणा. नऊ उत्तरं आली. त्यांतल्या पाच जणांनी चापाची तारीफ करून रायफल हातची सोडायला नकार दिला होता. त्यांना नत्थूजी आता पुन्हा लिहीत होते, अधिक स्पष्ट, अधिक कडक.

उत्तर न आलेल्यांत एक शिवनीचे होते. सकाळी पहिल्या बसने नत्थूजी तिकडे निघाले.