खांबाला शेंदूर

मुखरूभाऊंचा खुबा मोडला. पण ते जाऊ द्या. ते झालंच नाही असं धरून चालू. गावही तसंच धरून चाललंय.

तर सन अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात कमळा मुंबईहून व्यवसायोपचार शिकून आली आणि चांद्याच्या एका दवाखान्यात लागली. काम असं, की दुखणाईत आणि म्हाताऱ्या माणसांना उठणं, नहाणं, चालणं पुन्हा आपलं आपण करता यावं. माणूस पडल्यावर हाड जोडायला डॉक्टर होते. पडायच्या आधी काय करावं, हे विचारणारी ती एकटीच. म्हणून तिला अजून खुर्ची मिळाली नव्हती.

मुखरूभाऊ सत्तरीचे ढिवर. तळ्यात कमरेइतक्या चिखलात जाळं टाकताना कधी पडले नाहीत. पडायचे ते घरी, मागच्या दारातून परसातल्या सांदवाडीत उतरताना, शेवाळलेल्या दगडावर. मरेस्तोवर जाळं टाकायचं, एवढीच त्यांची हाव. कमळानं त्या दाराशी सागाचा खांब रोवून घेतला, हात सटकू नये म्हणून त्याला जुन्या जाळ्याची दोरी गुंडाळली आणि "आधी हात, मग पाय" हे भाऊंकडून घोकून घेतलं.

पहिल्याच झडीत पाय घसरला, पण हात खांबाला चिकटून राहिला. भाऊ वाचले. कमळा भेटीला गेली तेव्हा त्यांची बायको, सुकरीबाई, नारळ घेऊनच उभी होती.

"खांबानं धरलं याले."

"बाई, त्यांनी खांबाला धरलं."

"हे अन् धरतीन? लग्नात माहा हात बी याच्यानं धरवला नाई. मामानं दोनदा धरून देल्ला!"

खांबाला शेंदूर लागला. नारळ कमळानंच फोडावा असं ठरलं. इथं तिनं नको म्हणायला हवं होतं. पण नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच कोणी तिला मान देत होतं. तिनं नारळ फोडला, वर डोकंही टेकवलं.

मग तीन-तीन कोसांवरून म्हातारे येऊ लागले, आपण पडू नये म्हणून नवस करायला. दोघं वाटेतच पडले. त्यांचा भाव खोटा निघाला.

पुढच्या खेपेला कमळानं पाहिलं, मुखरूभाऊ खांबाला वळसा घालून, हात जोडून उतरत होते.

"भाऊ, हात काऊन लावत नाई?"

"परसाकडून येतो मी, बाई. त्या हातानं देवाची नरडी धरू?"

"अहो, खांब आहे तो."

"मंग तुमी डोकं काऊन टेकवलं?"

कमळा दुसरा खांब रोवू म्हणाली, तर सुकरीबाई म्हणाली, "एका दारात दोन देव भांडतेत."

श्रावणात भाऊ पडले. दोन्ही हात जोडलेले होते. सोडवेपर्यंत दगड आला. गावाच्या मते त्यांनी लोटांगण घातलं, फक्त उठायचे राहिले.

आता ते खाटेवर जाळं विणतात. सुतळी कमळाच आणून देते. जाळं असं लांबलंय, की खाटेवरूनच तळ्यात पडेल.

"बाई, देव नाराज त नाई झाला माह्यावर?"

"नाई, भाऊ," ती म्हणते, आणि गाठ नीट बसली का ते उगीचच बघत राहते. तो नारळ एवढा गोड लागला नसता तर बरं झालं असतं.

शेवटी तिनं अर्ज लिहिला. कोणाच्या नावे करावा हे कळेना, म्हणून वरची जागा कोरी सोडली. खाली मजकूर असा: सबब विनंती, की सदर देवास देवपदावरून तात्काळ कार्यमुक्त करून खांब या मूळ पदावर परत रुजू करून घ्यावे, आणि हात धुतलेले असोत वा नसोत, साठीपुढील सर्व इसमांस तो धरण्याची मुभा मिळावी.