सहावी अट

मी एक खरेदीचा दस्तऐवज बोलतोय. मुक्काम रिसोडची नवी वस्ती, पत्र्याची पेटी, एका जुन्या लुगड्याखाली.

एकोणीसशे सव्वीस साली उकंडरावांनी आपल्या शेताचे प्लॉट पाडून विकले, तेव्हा माझा जन्म झाला. माझ्या सहाव्या अटीत त्यांनी लिहवून घेतलं : ‘हे घर मुसलमान, लमाण वा अस्पृश्य यांस विकू अगर राहण्यास देऊ नये. दिल्यास खरेदी रद्द.’ झालं! मी स्वतःला किल्ल्याचा दरवाजा समजू लागलो. घराच्या भिंती मुसलमान गवंड्यानं बांधल्या, तेव्हा मात्र मला काही आठवलं नाही.

घरमालकीण गोजराबाई. सुलतानबी तिला बांगड्या भरायची. पुढं गोजराबाई विधवा झाली, बांगड्या संपल्या. सुलतानबीचं येणं संपलं नाही. ती रोज ओसरीवर टेकायची. टेकण्याबद्दल माझ्यात अट नव्हती.

मग गोजराबाईचे डोळे गेले. जवळचं कुणी उरलं नव्हतं. एकदा ती विहिरीच्या काठावरून थोडक्यात वाचली. तिनं सुलतानबीला मागची खोली देऊ केली. ते कळताच उकंडराव आले आणि मला पेटीतून काढायला लावलं. मी छाती फुगवली.

“गोजराबाई, अट ठाव हाय ना? हिले ठेवलं तं घर गेलं समजा.”

“अन् मी हिरीत पडली तं तुमचा कागद काढायले येईन काय?”

“कायदा म्हंजे कायदा, बाई.”

सुलतानबी हसली. “बाई, मंग तुमीच चला माह्या घरी. माह्या खोपटाले कागदच नाही.”

“गोजराबाई! लोक काय म्हनतीन?”

“लोकायले दस्त वाचून दाखवा, उकंडराव. मी कुठी राहू नये, हे त्यात लिवलं असन तं सांगा.”

उकंडरावांनी मला उलटंसुलटं केलं. काही नव्हतं. आत येणाऱ्यांची एवढी धास्ती, की बाहेर जाणारीचा विचारच कुणी केला नाही. गोजराबाईनं आपली चूल, आपला माठ घेतला आणि सुलतानबीचा हात धरून ओसरी उतरली. वस्तीनं तिला वाळीत टाकलं. तिकडे ती वेगळ्या चुलीवर रांधते आणि दोघी एकत्र जेवतात, असं कानावर आलं.

मी जिंकलो. दोन वर्षं झाली, या घरात कुणीही राहत नाही. अगदी कुणीही!

आता पेटीत वाळवी शिरली आहे. तिची जात विचारायची राहून गेली. घर उघडाल तेव्हा दोघींनाही बोलावून आणा, एवढी विनंती. आणि मला झटकू नका. वाळवी पाचव्या अटीपर्यंत आली आहे. तिला आणखी थोडं खाऊ द्या.