काळ्या पडलेल्या मॉनिटरची कैफियत

मित्रांनो, तुमच्याशी बोलतोय तो एक म्हातारा मॉनिटर. माझी चौकट जाड आहे, एका कोपऱ्यात ओरखडा आहे आणि पाय जरा डुगडुगतो, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली आहे. पण माझी नजर अजून शाबूत आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण मध्यंतरी माझी नजर गेली असं समजून मला मोडीत काढायची भाषा झाली होती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे मोजे घातलेल्या हातांनी माझ्यावर आधी तांबडा, मग हिरवा, मग निळा रंग भरून कसून तपासणी केली. एकही ठिपका मेलेला निघाला नाही. त्याचा तोरा मी बरीच वर्षं मिरवला. पुढे मी या घरात आलो. इथे तीन माणसं राहतात: बाबा, आई आणि त्यांची लेक. लेक घरांचे नकाशे काढते. भिंती, जिने, खिडक्या ती माझ्यावर उभ्या करी, आणि येणारे-जाणारे म्हणत, "काय स्वच्छ दिसतं हो!" कौतुक तिच्या कामाचं असे, पण थोडं माझ्याही वाट्याला येई.

बाबा एका कारखान्यात हत्यारांच्या खोलीचे प्रमुख होते. तिथल्या भिंतीवर प्रत्येक पान्याची, हातोडीची आकृती रंगवलेली असे. काम झालं की हत्यार त्याच आकृतीवर परत टांगायचं. घरातही तोच कायदा. "जिथून काढलं, तिथंच लागलं पाहिजे," हे लेकीला बाळकडूबरोबरच मिळालं होतं. या घरात कात्री किंवा किल्ली शोधत बसलेलं माणूस मी कधी पाहिलं नाही.

मग बाबांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण तिच्याबरोबर आवाजही गेला. हात तर आधीपासूनच थरथरत होते. कागदावर लिहिलेलं त्यांचं त्यांनाच लागत नसे, आणि मोबाइलच्या काचेवर बोट भलत्याच अक्षरावर पडे. तेव्हा लेकीने कीबोर्डवर भोकं पाडलेली एक पाटी बसवली. भोकात बोट घालून कळ दाबायची, की माझ्यावर बोटभर उंचीचं अक्षर उमटायचं. "चहात साखर कमी आहे" एवढं जुळवेपर्यंत चहा गार होऊन जाई, पण ते वाक्य बाबांचं स्वतःचं असे. मित्रांनो, कौतुक मी पुष्कळ पाहिलं होतं. कुणाचा तरी आवाज होण्यात केवढं समाधान असतं, ते मला तेव्हा कळलं.

यंदा गाठ परत आली. दुसरं ऑपरेशन करायचं की नाही, ते डॉक्टरांनी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायला सांगितलं होतं. लेकीने त्याच दुपारी कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे माझ्याकडे चित्रं धाडणारा भाग, बसवायला घेतलं. तिचे नकाशे जड झाले होते, कॉम्प्युटर अडखळत होता, आणि बाबांनी कळ दाबली तरी अक्षर रेंगाळत उमटे. संध्याकाळी बाबांशी नीट बोलायचं आहे, त्याआधी हे उरकून टाकू, असा तिचा साधा विचार.

तिने कॉम्प्युटरचा डबा उघडला, कार्ड खटकन बसवलं, त्याला वीज पुरवणारी वायर जोडली, झाकण लावलं. माझी वायर काढून ठेवली होती, तीही परत खोचली आणि बटण दाबलं. पंखे फिरले. माझ्याकडे मात्र काहीच आलं नाही. 'सिग्नल नाही' असा निरोप मी लगेच झळकवला, पण तेव्हा ती टेबलाखाली होती. ती वर येईपर्यंत मी शिरस्त्याप्रमाणे काळा झालो होतो.

"मॉनिटर गेला वाटतं," ती म्हणाली.

"जुनाच तर आहे. टाक काढून," आई म्हणाल्या.

मला फार लागलं ते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच.

लेकीने सगळ्या वायरी काढून पुन्हा घातल्या. कार्ड उपसून त्याचे सोनेरी दात पुसले, परत घट्ट बसवलं. प्रत्येक वेळी माझी वायर जागच्या जागी गेली आणि प्रत्येक वेळी मी काळाच राहिलो. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. आई बाबांच्या खुर्चीशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, आता आणखी कापाकापी नको ना?"

बाबांनी जोरजोरात मान हलवली, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत.

"बघ, नकोच म्हणतायत." आईंचे डोळे भरून आले. "मला माहीतच होतं. किती सोसायचं माणसाने!"

बाबांनी टेबलावर मूठ आपटली. मग पाटीच्या भोकांत बोट घालून ते भराभर कळा दाबू लागले. ती अक्षरं कुठे जात होती कोण जाणे, माझ्यापर्यंत एकही पोचलं नाही.

"बाबा, चिडू नका हो. करतेय मी चालू," लेक म्हणाली.

आईंनी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर पेशंट तपासत होते, जरा वेळाने करा असं तिकडून सांगितलं. आई फोन हातातच धरून बसल्या. मी आतल्या आत तळमळत होतो. ज्याचा मी आवाज, तो माझ्यासमोर ओरडत होता आणि मला ते ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात लेकीने वैतागून माझ्या कडेचं बटण दाबलं. उजेड कमी-जास्त करायची माझी पट्टी लख्ख उमटली. ती थबकलीच.

"अगं आई, हा तर धडधाकट आहे! याच्यापर्यंत काही पोचतच नाहीये."

मोबाइलचा उजेड पाडत ती डब्याच्या पाठीमागे वाकली. तिथे माझी वायर खोचायची अगदी एकसारखी दोन भोकं होती, वरचं जुनं आणि खालचं नव्या कार्डाचं. नवं कार्ड आल्यावर आमच्या कॉम्प्युटरमधलं जुनं भोक मुकं झालं होतं, आणि ही इमानेइतबारे माझी वायर त्यातच घालत होती. जिथून काढली, तिथंच!

"बाबा, तुमच्या शिस्तीनेच घात केला बघा," ती रडवेलं हसली आणि तिने वायर खालच्या भोकात घातली.

माझ्या अंगभर उजेड पसरला. लेकीने लिहायचं पान उघडलं, बाबांची खुर्ची पुढे ओढली. बाबांचं बोट पाटीच्या एकेका भोकावर थांबत फिरू लागलं. कुणी घाई केली नाही. शेवटी माझ्यावर हे उभं राहिलं: "मान हलवली ती तसं नाही म्हणून. ऑपरेशन करा. मला अजून जगायचंय."

आईंनी ते दोनदा वाचलं. "अहो, मी तर डॉक्टरांना नाही म्हणून कळवत होते..." बाबांनी थरथरता हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. मग पुन्हा पाटीकडे वळून त्यांनी आणखी एकच शब्द लिहिला: "फोन." आईंनी डोळे पुसत फोन लावला.

मित्रांनो, एखादं यंत्र गप्प झालं म्हणजे ते बिघडलंच असं नसतं. त्याला भंगारात घालण्याआधी त्याच्यापर्यंत काही पोचतंय का, ते पाहा. माणसांना तर याहून जपा. ज्याला बोलता येत नाही, त्याला काही विचाराल तेव्हा प्रश्नातच आपलं उत्तर कोंबू नका, मायेने सुद्धा नको. त्याचं उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ त्याच्याजवळ बसा.

ऑपरेशन उद्या आहे. आतल्या खोलीत आई बॅग भरतायत. ऑपरेशन यशस्वी होईल का, हे माझ्यासारख्याला कुठून कळणार? भीती मलाही वाटते. पण जायचं की नाही, हे बाबांनी स्वतः सांगितलंय, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर मी त्यांच्या माणसांपर्यंत पोचवलंय.